जुने हेडफोन : बेळगाव सीमाभागातल्या हौशी मंडळींकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, संकेश्वर या भागात जुने रेडिओ, रेकॉर्ड आणि टू-इन-वन जपणारी माणसं पुष्कळ आहेत. हेडफोनकडे अजून कमी जणांचं लक्ष गेलंय, आणि ज्यांचं गेलंय ते फिरून फिरून हेच प्रश्न विचारतात. उत्तरं लिहिताना मी एक गोष्ट धरून चाललोय: जुना हेडफोन वाजता राहिला पाहिजे. काचेच्या कपाटात ठेवायला घेणाऱ्यांना यातलं बरंचसं उपयोगी पडणार नाही.

किती जुना हेडफोन 'जुना' धरायचा?

अशी ठरलेली रेघ नाही. मी साधारण १९९५ पर्यंतचे धरतो. तोवरचे चांगले हेडफोन टेबलावरच्या अँपसाठी (अँप्लिफायरसाठी) किंवा स्टुडिओसाठी बनत. पुढं हळूहळू सगळं खिशातल्या प्लेअरच्या हिशेबानं बनू लागलं.

मागं जायचं तर बरंच मागं जाता येतं. अमेरिकेत युटामध्ये नॅथनिएल बाल्डविन यांनी घरच्या स्वयंपाकघरात हेडफोन तयार केले आणि १९१० मध्ये ते अमेरिकी नौदलाकडे गेले. त्यांचं काम बिनतारी संदेश ऐकण्याचं होतं, गाण्याशी त्यांचा संबंध नव्हता. १९३७ मध्ये बर्लिनच्या बायर कंपनीचा डीटी ४८ आला. चुंबकाच्या फटीत तारेचं वेटोळं आणि त्याला चिकटलेला पडदा, ही आजही चालणारी डायनॅमिक पद्धत हेडफोनमध्ये आली ती तिथून. १९५८ मध्ये मिलवॉकीच्या जॉन कॉस यांनी एसपी/३ हा स्टिरिओ हेडफोन काढला आणि हेडफोन ही घरात बसून गाणं ऐकायची वस्तू झाली.

माझ्या लेखी सगळ्यात मोठा टप्पा १९६८ चा, सेनहायझर एचडी ४१४. पाठीमागून उघडा, वजनाला हलका आणि पिवळ्या फोमच्या गाद्यांचा. तोवरचे हेडफोन कान गच्च बंद करून टाकत, यानं कान मोकळे सोडले. मग १ जुलै १९७९ ला सोनीचा वॉकमन आला आणि त्याच्या पिसासारख्या हेडफोनमुळं माणसं चालता-फिरता ऐकू लागली. आपल्याकडं हे सगळं उशिरा आलं, बहुतेक वेळा आखातातून परतणाऱ्या कुणाच्या तरी बॅगेतून.

पहिला कुठला घेऊ?

चांगल्या अवस्थेत मिळाला तर एकेजी के २४०. ही व्हिएन्नाची कंपनी. या मॉडेलच्या १९७० च्या दशकातल्या 'सेक्स्टेट' आवृत्तीत मुख्य ड्रायव्हरभोवती (ड्रायव्हर म्हणजे आवाज काढणारा भाग) सहा छोटे पडदे गोल मांडलेले असतात. त्यांना वायर जात नाही, ते मुख्य पडद्यानं हलवलेल्या हवेवर डोलतात आणि खर्ज भरतात. नंतरच्या 'मॉनिटर' आवृत्तीत ते नाहीत, पण आवाज सरळ आणि निकोप आहे. दोन्ही ६०० ओमचे (ओम म्हणजे काय ते पुढच्या प्रश्नात). दोन्ही उघडून परत बसवता येतात, आणि शिकणाऱ्याला हे फार उपयोगी पडतं.

अँप नसेल, सगळं मोबाईलवरच ऐकायचं असेल, तर सोनी एमडीआर-व्ही ६ (१९८५, ६३ ओम) किंवा कॉसचा पोर्टा प्रो (१९८४). पोर्टा प्रो आजही त्याच घाटात बनतो, त्यामुळं सुट्या भागांची चिंता नाही. ज्यांना एकच घ्यायचा आणि वर्षानुवर्षं वापरायचा आहे त्यांनी सेनहायझर एचडी ५८० शोधावा. त्याचे बरेच भाग १९९७ च्या एचडी ६०० शी जुळतात आणि अजून नवे मिळतात.

पहिलाच म्हणून कॉसचा प्रो ४ एए घेऊ नका. १९७० चा आहे, दणकट आहे, पण जड आहे. शिवाय त्याच्या गाद्यांत द्रव भरलेला असतो आणि इतक्या वर्षांत तो कुठून ना कुठून झिरपायला लागलेला असतो. यामाहाचा एचपी-१ (१९७६) मारिओ बेलिनी या इटालियन डिझायनरनं घडवलेला, फार देखणा आणि आवाजालाही तितकाच गोड. तो दुसरा किंवा तिसरा घ्या, कारण त्याला जोरकस अँप लागतो.

हे ओम-ओम काय आहे? माझ्या मोबाईलवर वाजेल का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर.

ओमचा आकडा म्हणजे हेडफोन विजेला किती अडवतो त्याचं माप. जितका अडथळा जास्त तितके व्होल्ट जास्त लागतात. हेडफोनमध्ये १ मिलिवॅट पोचवायचा तर ३२ ओमच्या नव्या हेडफोनला ०.१८ व्होल्ट पुरतात, ३०० ओमला ०.५५, ६०० ओमला ०.७७५ आणि मूळ एचडी ४१४ सारख्या २००० ओमच्या हेडफोनला १.४ व्होल्ट. मोबाईलच्या जॅकमधून किंवा साध्या डाँगलमधून (चार्जिंगच्या भोकात लावायच्या हेडफोन अॅडॉप्टरमधून) साधारण अर्धा ते एक व्होल्ट निघतो.

यातला ०.७७५ हा आकडा टेलिफोन आणि रेडिओ केंद्रांच्या जुन्या लोकांना तोंडपाठ असायचा. ६०० ओमवर १ मिलिवॅट हे त्यांचं प्रमाण माप होतं. स्टुडिओतले इतके हेडफोन ६०० ओमचेच का असत, याचं एक कारण हे. दुसरं कारण असं की एकाच आउटपुटवर चार-पाच जणांचे हेडफोन समांतर जोडले तरी त्याच्यावर भार पडत नसे.

पण ओम हा निम्माच हिशेब झाला. १ मिलिवॅटमध्ये हेडफोन किती मोठा वाजतो, म्हणजे त्याची संवेदनशीलता, हा दुसरा निम्मा. एचडी ४१४ चे ओम बघून लोक घाबरतात, पण तो थोड्या शक्तीत छान वाजतो आणि कित्येक मोबाईलवर ऐकण्याइतका आवाज देतो. उलट यामाहाच्या ऑर्थोडायनॅमिकचे (वरचा एचपी-१ याच जातीचा, यात गुंडाळी सपाट पडद्यावरच पसरलेली असते) ओम कमी असूनही मोबाईल त्याला हलवू शकत नाही. म्हणून एकदा जोडून बघाच. कमी आवाज आला तर हेडफोन बिघडत नाही.

एक सूचना. मॉडेलच्या नुसत्या नावावर जाऊ नका. एचडी ४१४ च्या पुढच्या आवृत्त्यांत ओम बदलत गेले, बायरच्या डीटी ८८० आणि एकेजीच्या के २४० चंही तसंच. हेडफोनवर छापलेलं वाचा किंवा मीटरनं मोजा.

आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते. ट्रंकेत कापडी वायरचे काळे हेडफोन सापडलेत. त्यावर गाणी ऐकता येतील का?

आपल्या भागात हा प्रश्न येणारच. घरटी एक फौजी असलेली गावं आहेत इथं. आधी ते जपून ठेवा. वायर ओढू नका, कापड कुजलेलं असतं.

असे हेडफोन बहुतेक मूव्हिंग आयर्न किंवा बॅलन्स्ड आर्मेचर जातीचे असतात. आत कायमचं चुंबक, त्यावर गुंडाळी आणि पुढं लोखंडी चकती किंवा पत्ती. बोललेला शब्द आणि मोर्सची टकटक गोंगाटातून स्पष्ट ऐकू यावी, एवढंच त्यांचं काम. खर्ज नाही, वरची झिलई नाही. ब्रिटिश सैन्याचे 'डीएलआर' कमी ओमचे, अमेरिकी एचएस-३३ हे ६०० ओमचे, आणि एस. जी. ब्राउनसारख्या कंपन्यांचे क्रिस्टल रेडिओच्या जमान्यातले हेडफोन २००० ते ४००० ओमचे. त्या जुन्या जोड्यांवर छापलेला आकडा डीसी रोधाचा असे, त्यामुळं मीटर लावला की जवळपास तोच दिसतो.

यांचा प्लग मोनो असतो. तो तसाच स्टिरिओ जॅकमध्ये घातला तर उजव्या चॅनेलचं आउटपुट थेट अर्थला टेकतं. जुन्या अँपला बहुधा काही होत नाही, पण मोबाईलला किंवा नव्या डाँगलला हे नको. स्टिरिओतून मोनो करणारा नीट रोध घातलेला अॅडॉप्टर बनवून घ्या.

गाणं ऐकायला हे योग्य नाहीत. पण मीडियम वेव्हवरच्या बातम्या, भाषणं यांवर लावून बघा. मीडियम वेव्हची स्टेशनं आपल्याकडं ९ किलोहर्ट्झच्या अंतरानं बसवलेली असल्यानं त्यांच्या आवाजाची वरची मर्यादाच साडेचार-पाच किलोहर्ट्झच्या आसपास येते. त्या आवाजासाठीच हे हेडफोन घडलेत. निवेदकाचा शब्द न् शब्द समोर येऊन उभा राहतो.

मागची टोपी उघडायची वेळ आली तर चकती सरळ वर ओढू नका. बाजूला सरकवून काढा, नाहीतर ती वाकते. आणि चुंबक हातोडीच्या जवळपासही नेऊ नका, ठोक्यानं त्याचा जोर उतरतो.

बेळगावात मिळतात कुठं?

दुकानात मांडून ठेवलेले मिळणार नाहीत. जुन्या रेडिओ-टेप दुरुस्तीवाल्यांकडं मिळतात. खडेबाजार, रविवार पेठ, शहापूर या बाजूला अजून असे कारागीर आहेत. त्यांच्याकडं माळ्यावर खोके असतात आणि आत काय आहे ते त्यांनाही आठवत नसतं. घाईनं विचारून उपयोग नाही. एखादा टेप दुरुस्तीला द्या, बसा, बोला. मग अण्णा आपणहून म्हणतात, "वर एक खोका हाय बघा, लागतंय काय तुमच्या कामाचं?"

दुसरा मार्ग गोव्याचा. चोर्ला घाट उतरलं की बोटीवर नोकरी केलेल्यांची घरं लागतात, आणि त्यांनी सत्तर-ऐंशीच्या दशकात जपान-जर्मनीचा माल आणलेला असतो. वारस घर आवरायला काढतात तेव्हा तो बाहेर येतो. कोल्हापूर आणि हुबळीलाही अधूनमधून काहीतरी निघतं.

परदेशातून मागवायचं तर किमतीवर कुरिअर आणि कस्टम ड्युटी धरूनच हिशेब करा. विकणाऱ्याकडून दोन्ही बाजू वाजत असल्याचं लेखी घ्या. 'तपासलेला नाही' असं लिहिलेलं असेल तर तो बंदच आहे असं समजून किंमत ठरवा.

घेताना काय तपासायचं?

खिशात छोटा मल्टिमीटर, साडेतीन मिलिमीटरवरून मोठ्या ६.३५ मिलिमीटर जॅकवर जाणारा अॅडॉप्टर आणि मोबाईलमध्ये एक मोनो रेकॉर्डिंग, एवढं घेऊन जा.

आधी मीटर. प्लगच्या टोकाशी आणि बुडाशी लावा, मग मधल्या कड्याशी आणि बुडाशी. दोन्ही बाजूंचे आकडे जवळजवळ सारखे यायला हवेत. डायनॅमिक हेडफोनमध्ये तो छापलेल्या आकड्यापेक्षा थोडा कमी येतो, त्यात काही वावगं नाही. मीटरची टोकं टेकवताना कानात बारीक 'टक' ऐकू येतं. ते आलं म्हणजे गुंडाळी जिवंत आहे. एका बाजूला काहीच दिसलं नाही तर वायर हलवत मोजा. आकडा येतो-जातो झालं तर दोष वायरीचा, आणि तो सुटतो. वायर सोडून थेट ड्रायव्हरवर मोजूनही काही नसेल तर गुंडाळी तुटलीय.

मग मोनो गाणं लावा. आवाज बरोबर डोक्याच्या मधोमध यायला हवा. पोकळ वाटला, कुठून येतोय ते कळेना, तर कुणीतरी दुरुस्ती करताना एका बाजूच्या दोन तारा उलट जोडल्यात. हा दोष पाच मिनिटांत निघतो, पण विकणाऱ्याला ते ठाऊक नसतं आणि 'आवाज बिघडलाय' म्हणून तो स्वस्तात द्यायला तयार असतो. तुम्ही त्याला कारण सांगूनच घ्या. आपल्या गावात परत त्याच माणसाकडं जायचं असतं.

शेवटी पट्टी ताणून बघा, सांध्यांवर प्लास्टिकला चीर आहे का ते. गाद्या फाटक्या, फोम भुगा, वायर कडक, प्लग गंजलेला, यातलं काहीही असलं तरी घ्या. हे सगळं नवं करता येतं. ड्रायव्हर मात्र कुणी इथं बनवून देणार नाही.

एका बाजूला किरकिर येते. ड्रायव्हर गेला का?

निम्म्या वेळा कारण केस असतो. डोक्याचा एक केस जाळीतून आत शिरतो, पडद्याला टेकतो आणि ठरावीक सुरावर झणझणतो. पुरुषी खर्ज आवाजावर ही किरकिर जास्त ऐकू येते.

गादी काढा. जाळीवरचं पातळ कापड किंवा कागद चिमट्यानं सोडवा. खिडकीशी बसा, उजेड तिरका पडू द्या, घड्याळजीचं भिंग डोळ्याला लावा. पडदा तेलाच्या तवंगासारखा चमकतो, त्यावर बारीक रेघा गोल फिरलेल्या दिसतात. केस तिथं एका टोकानं रुतलेला असतो आणि दुसरं टोक हवेत. सेलोटेपची निमुळती सुरळी करा, चिकट बाजू बाहेर, आणि केसाच्या मोकळ्या टोकाला नुसता स्पर्श करून उचला. पडद्याला टेप लागू देऊ नका. धातूचा चिमटा आत नेऊ नका, चुंबक तो झटक्यानं खेचून घेतं आणि पडदा फाटतो. फुंकर किंवा ब्लोअरही नको. पडदा आत दबतो, आणि एकदा पडलेली घडी पुरती जात नाही.

केस नसेल आणि किरकिर सगळ्याच सुरांवर असेल तर गुंडाळी चुंबकाला घासतेय. मग फारसं काही करता येत नाही.

आतला फोम हातालाच चिकटतो, काळा डिंक झालाय. काय करू?

हा पॉलियुरेथेन फोम. हवेतली आर्द्रता त्याच्या रेणूंच्या साखळ्या तोडत जाते. आधी तो चिकट होतो, मग भुगा. वापरला नाही, डब्यात ठेवला, तरी होतोच. सेनहायझरच्या ऐंशीच्या दशकातल्या मॉडेलांत ड्रायव्हरसमोरचा फोम असा झालेला हमखास सापडतो आणि भुगा पडद्यावर पडायच्या आत काढायला लागतो.

मोठे तुकडे लाकडी काडीनं काढा. उरलेला डाग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं, कापसाची काडी जेमतेम ओली करून. थेंब ड्रायव्हरकडं ओघळता कामा नये. छापील अक्षरांवर आणि रंगावर आधी एका कोपऱ्यात करून बघा. थिनर, पेट्रोल, नेलपॉलिश रिमूव्हर प्लास्टिकला लावू नका. नवा फोम पातळ आणि मोठ्या छिद्रांचा घ्या, तोंडानं फुंकलं तर हवा आरपार जायला हवी. दाट फोम घातला की वरचे सूर मरतात. एचडी ४१४ च्या बाहेरच्या पिवळ्या गाद्या शाबूत असतील तर साबणाच्या कोमट पाण्यात हातानं धुवा, पिळू नका, सावलीत वाळवा.

गाद्या इथंच शिवून मिळतील का?

मिळतात. गाडीच्या सीटची कव्हरं शिवणारे हे काम चांगलं करतात, जुनी गादी नमुना म्हणून द्या. एकच सांभाळायचं: जाडी आणि आतल्या भोकाचं माप अगदी तेच राहिलं पाहिजे. गादीमुळं ड्रायव्हर कानापासून किती लांब राहतो आणि कानाभोवती हवा किती कोंडते हे ठरतं, आणि त्यावरच खर्ज ठरतो. जास्त मऊ, जास्त जाड गादी सुखाची वाटते, पण हेडफोन दुसराच वाजायला लागतो.

अथणी-निपाणीच्या चप्पल कारागिरांचं कातडं वापरावं का, असंही विचारतात. त्यांच्या हाताला तोड नाही, पण ते कातडं बाभूळ-हिरड्यात कमावलेलं, पायाखाली टिकायला केलेलं, कडक. गालाला ते सील धरत नाही. डोक्यावरच्या पट्टीसाठी मात्र सुंदर होतं, आणि वर्षागणिक रंग चढतो. गादीला मेंढीचं मऊ कातडं किंवा चांगलं पातळ रेक्झिन.

के २४० च्या पट्टीतलं इलॅस्टिक सैल पडलं असेल तर शिलाईच्या सामानाच्या दुकानात त्याच रुंदीचं मिळतं. धातूची छोटी पिन किंवा बुश तुटला असेल तर उद्यमबागेत लेथवर करून घ्या. कास्टिंग आणि मशीनिंगवर पोट असलेलं हे गाव आहे, अर्ध्या मिलिमीटरचं काम तिथल्या माणसाला अवघड नाही. काम लहान म्हणून नाही म्हणतील. दुपारच्या सुट्टीत जा आणि तुटका भाग सोबत न्या.

आमच्याकडं पाऊस भयंकर. हेडफोन टिकवायचे कसे?

तुम्ही कणकुंबी-जांबोटीकडचे असाल तर जून ते सप्टेंबर हा तुमचा खरा शत्रू. अथणी-रायबागकडचे असाल तर धूळ. दोघांना एकच उपाय पुरत नाही.

खानापूर पट्ट्यात घट्ट झाकणाचा मोठा डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या. निळे दाणे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर तापवून परत निळे करून घ्या. हेडफोन सुती कापडात सैल गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत नको. वायर गादीवर किंवा कपावर टेकू देऊ नका, जुन्या वायरीचं प्लास्टिक मऊ पडून कपावर खळगा पाडतं. कपाटातल्या डांबरगोळ्या तर फार लांब ठेवा, त्यांची वाफ काही प्लास्टिकं विरघळवते. आठवड्यातून एकदा बाहेर काढून तासभर वाजवा. डोक्याची ऊब आणि वारा, दोन्ही लागतं त्यांना.

कोरड्या भागात जाळीवर सुती कापड टाकून ठेवलं की बरंचसं काम होतं.

जुन्या रेडिओबरोबरचा एका कानाचा क्रिस्टल इअरपीस मुका झाला असेल तर त्यावर वेळ घालवू नका. त्यात रोशेल सॉल्टचा स्फटिक असतो. ते मीठच आहे, पाण्यात विरघळणारं. दमट हवेत तो संपतो आणि परत येत नाही.

वायरीच्या टोकाला विचित्र पिन आहे, कुठंच बसत नाही.

जर्मन हेडफोन असेल तर ती पाच टोकांची डिन पिन, फाशाच्या पाचासारखी मांडलेली. कापून टाकू नका. अॅडॉप्टर मिळतो, किंवा तशीच मादी पिन आणून दुरुस्तीवाल्याकडून सोल्डरचे चार डाग मारून घ्या. मूळ वायर आणि पिन शाबूत असली की पुढं देताना किंमतही राहते.

जुना अँप घ्यावा का?

जुन्या हेडफोनला जुना अँप, हे जमतं. सत्तरच्या दशकातल्या स्टिरिओ अँपमध्ये हेडफोनचा जॅक स्पीकरच्याच आउटपुटवरून, मध्ये शंभर-दोनशे ओम किंवा त्याहून मोठा रोध घालून काढलेला असे. पुढं आयईसी या विद्युत उपकरणांची मानकं ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या प्रमाणातही १२० ओमची शिफारस आली. ६०० ओमच्या हेडफोनला या रोधाचं काहीच वाटत नाही, आणि व्होल्ट भरपूर मिळतात. ३२ ओमचा नवा हेडफोन तिथंच लावला तर खर्ज फुगून येतो, कारण त्याचा अडथळा प्रत्येक सुराला वेगळा आणि मधल्या रोधापुढं तो हलका पडतो. 'जुना अँप गढूळ वाजतो' अशी तक्रार ऐकली की मी आधी हेडफोनचे ओम विचारतो.

जॅक घालण्याआधी आवाज पूर्ण खाली. पोटेन्शिओमीटर (आवाज कमी-जास्त करायची खुंटी) खरखरत असेल तर आधी तो साफ करून घ्या.

स्टॅक्सविषयी फार ऐकलंय. इथं चालेल का?

स्टॅक्स ही जपानी कंपनी, १९६० पासून इलेक्ट्रोस्टॅटिक हेडफोन विकते. यात गुंडाळी नाही. दोन जाळ्यांच्या मध्ये केसाहून पातळ पडदा आणि त्यावर कायम २३० व्होल्ट, नंतरच्या 'प्रो' मॉडेलांत ५८० व्होल्टचा दाब. म्हणून वेगळा अँप लागतोच. तंबोऱ्याची तार सुटण्याचा क्षण असा दुसऱ्या कुठल्या हेडफोनवर मी ऐकलेला नाही. पण दमट हवेत पडद्यावरचा भार झिरपतो, एक बाजू मंदावते, चुरचुर येते. कोरड्या तालुक्यात खुशाल घ्या. खानापूर, चंदगड बाजूला पावसाळाभर सिलिकाच्या डब्यात ठेवायची तयारी असेल तरच. आणि अँप घरी उघडू नका, आतला व्होल्टेज जीवघेणा असतो.

यावर ऐकायचं काय?

हेडफोन गोळा करता करता ऐकणं मागं पडतं, म्हणून हा प्रश्न मला आवडतो.

कुमार गंधर्व आपल्या सुळेभावीचे, जन्म १९२४. त्यांचं जुनं ध्वनिमुद्रण उघड्या पाठीच्या हेडफोनवर रात्री ऐका. आधी तंबोरेच ऐका, गाणं सुरू व्हायच्या आधीची ती दोन मिनिटं. दोन तंबोऱ्यांची जवारी वेगवेगळी ओळखू येते का बघा. मग त्यांची ती तुटक, उसळती तान आणि लगेच पाठोपाठ सोडलेली शांतता. स्पीकरवर त्या शांततेत घरातला पंखा, रस्त्यावरची मोटरसायकल शिरते. हेडफोनवर त्यांचा श्वास ऐकू येतो.

मल्लिकार्जुन मन्सूर धारवाडजवळच्या मन्सूरचे, गंगूबाई हानगल धारवाडच्या. गंगूबाईंचा आवाज हेडफोनची परीक्षा बघणारा आहे. त्याचं वजन सगळं खालच्या आणि मधल्या पट्टीत आहे, तिथं पोकळी असलेला हेडफोन त्यांना लगेच बारीक करून टाकतो. के २४० इथं सरस, एचडी ४१४ थोडा उणा. नाट्यगीतांत पायपेटी आणि गळा एकमेकांत मिसळतात की सुटे राहतात, यावरूनही बरंच कळतं.

आकाशवाणीच्या धारवाड केंद्राला १९५० मध्ये सुरुवात झाली. तिथली जुनी ध्वनिमुद्रणं आणि ७८ च्या तबकड्या, सगळं मोनो. तबकडी स्टिरिओ सुईनं वाजवत असाल तर अँपवरचं मोनोचं बटण दाबाच. मोनो तबकडीत गाणं सुईच्या आडव्या हालचालीत असतं आणि बरीचशी खरखर उभ्या हालचालीत. दोन्ही चॅनेल एकत्र केले की ती उभी खरखर आपापसात कटते. माइक येण्याआधी कर्ण्यात गायलेल्या तबकड्यांत तर खोल खर्ज मुळात नोंदलाच गेलेला नाही, त्यामुळं तिथं फार भारी हेडफोनची गरज नाही. साधा, मधल्या पट्टीत गोड असलेला बरा.

आवाज किती ठेवावा?

जागतिक आरोग्य संघटनेचं मोठ्यांसाठीचं माप: ८० डेसिबल, आठवड्याला ४० तास. लहान मुलांसाठी ७५. दर ३ डेसिबलला वेळ निम्मा करायचा, म्हणजे ८६ ला १० तासच. उघड्या हेडफोनवर बाहेरचा गोंगाट शिरतो आणि आपण नकळत आवाज वाढवत जातो. गणपतीच्या दिवसांत, मिरवणुकीच्या रस्त्यावर घर असेल तर तेवढे दिवस हेडफोन बाजूला ठेवा. कानात शिट्टी वाजत राहिली तर कानाच्या डॉक्टरांना दाखवा.

खरं सांगा, नव्यापेक्षा चांगले वाजतात का?

सगळे नाही. खोल खर्ज, बारीक तपशील, दोन्ही बाजूंची तंतोतंत जुळणी, यात आजचा मध्यम किमतीचा हेडफोन पुष्कळ जुन्यांच्या पुढं आहे. पण जुन्यांत गळा ऐकवण्याची ताकद आहे. त्या काळचे चांगले हेडफोन मधल्या पट्टीवर लक्ष ठेवून घडवलेले, आणि आपलं संगीत तर गळ्यावरच उभं आहे. शिवाय ते उघडतात. स्क्रू आहेत, सुटे भाग आहेत, आतलं काय बिघडलं ते डोळ्यांना दिसतं. आज विकले जाणारे कितीतरी वायरलेस हेडफोन बॅटरी संपली की संपतात, आणि एचडी ४१४ पन्नास वर्षांनंतरही दोन डाग मारले की गातो. मला स्वतःला हेच मोठं वाटतं.

एक बाजू कायमची गेली. टाकून देऊ?

टाकू नका. तसाच दुसरा मोडका हेडफोन मिळाला की दोनांचा एक होतो. फक्त आवृत्ती तीच असली पाहिजे, नाहीतर डावा-उजवा जुळणार नाही. तोवर चांगल्या बाजूवर 'डावी' किंवा 'उजवी', ओम आणि मोजलेली तारीख चिठ्ठीवर लिहून चिकटवा. ज्याचं खरंच काही उरलं नाही त्याची पट्टी, जाळ्या, पिन काढून घ्या आणि बाकीचं ई-कचऱ्यात द्या. स्क्रू काडेपेटीत ठेवा आणि वर मॉडेलचं नाव लिहा. त्या मापाचे, त्या आट्यांचे स्क्रू आता हार्डवेअरच्या दुकानात मिळत नाहीत.